लाल बाणांचं दुकान

चेकरकाकांनी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात नापसंती दाखवण्याचा पगार घेतला. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, काजं, कफ, बगल अशी नजर फिरवायची आणि खोट दिसली की तिच्याकडे टोक करून नखाएवढा लाल कागदी बाण चिकटवायचा. त्यापुढे शर्टाचं काय होतं, हे पाहणं त्यांचं काम नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना एक शर्ट भेट दिला. काकांनी तो सगळ्यांदेखत उलगडला, उजव्या कफाचा एक टाका सुटल्याचं निदर्शनास आणलं आणि मग आभार मानले.

घरी बसलेला चेकर घराला परवडत नाही. पंधरा दिवसांत त्यांनी सगळ्या पडद्यांच्या शिवणी, सूनबाईंनी घातलेल्या घड्या आणि शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीचा ओळंबा तपासून टाकला. शेवटी बायकोनेच तोडगा काढला. रस्त्याकडची खोली रिकामी होती. तिथे सवलतीतला माल घाऊक आणून विकावा. सूनबाई कबूल झाल्या, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. एक मोबाईल दुरुस्तीवाला त्या खोलीवर डोळा ठेवून होता आणि दर रविवारी येऊन दाराची रुंदी मोजून जात होता.

"दुकान चाललं तर खोली तुमची, बाबा. नाही चाललं तर त्याची," सूनबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं गोड होतं, पण त्या मुदत विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. खोली गेली तर उरलेलं आयुष्य पडदे तपासण्यात जाणार, हे काकांना कळून चुकलं.

त्यातले दोन महिने माल कुठून आणायचा हे ठरवण्यात गेले. काकांनी वही केली. ऑनलाइन विक्रीतून परत आलेल्या मालाची खोकी एका ठिकाणी वजनावर मिळत होती, पण बंद. फोडून बघायची सोय नव्हती. मुलाला तो सौदा पसंत होता.

"न बघता माल घ्यायचा?" काका म्हणाले. "मी जन्मात न बघता काही घेतलेलं नाही."

"मला बघून घेतलंत?" आतून बायकोचा आवाज आला. "चहाची कपबशी बघत होतात त्या दिवशी. कान तुटलेला होता म्हणे."

"होताच तुटलेला."

दुसरीकडे, बंद पडलेल्या एका दुकानाचा माल एकगठ्ठा निघाला होता. काका बघून आले. "त्या माणसाचं दुकान ज्या मालामुळे बुडालं, तोच आपण आणायचा?" असं विचारून त्यांनी वहीत त्यावर फुली मारली. मग राहिलं कारखान्यांचा नापास माल विकणाऱ्याचं गोदाम. गोदामवाला हवा तो शर्ट उलटापालटा करू द्यायचा. तिथे पहिल्याच गठ्ठ्यात काकांना स्वतः नापास केलेला शर्ट भेटला. बाण अजून जागेवर होता. जुना विद्यार्थी भेटावा तसे काका हरखले आणि वही मिटली.

दुकान मांडलं ते असं. प्रत्येक शर्ट हँगरवर, आणि प्रत्येक शर्टावर खोट असेल तिथे लाल बाण. निरोपाच्या वेळी कारखान्यातल्या स्टोअरवाल्याने बाणांची बारा रिळं हातात कोंबली होती, ती कामी आली.

मुलाने कपाळाला हात लावला. "बाबा, खोट झाकायची असते. तुम्ही तर तिची वरात काढलीत!"

"मी झाकायला शिकलेलो नाही," काका म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. त्यांनी एक बाण पाहिला, दुसरा पाहिला आणि हसत सुटल्या. "एवढंच? आतली शिवण वाकडी? ती बघणार कोण?" चार शर्ट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिघींना घेऊन आल्या. इतर दुकानांत तासभर खोट शोधावी लागते आणि तरी ती घरी गेल्यावरच सापडते. इथे ती आधीच शोधून ठेवलेली होती. लोकांचे कष्ट वाचले. 'बाणवाल्यांकडे' जाऊन येतो, असं गल्लीत कानावर येऊ लागलं. एका रविवारी मोबाईलवाला दार मोजायला आलाच नाही.

आणि मग, मुदतीला सहा आठवडे उरले असताना, भाग्य उजळलं. परदेशी धाडायच्या चारशे शर्टांची ऑर्डर रद्द झाली होती. माल उत्तम, भाव नापास मालाचा. दलालाचा फोन मुलाने घेतला आणि सूनबाईंनी काकांकडे असं पाहिलं की नाही म्हणायला जागाच उरली नाही. काकांनी अट घातली: सगळे तपासून घेणार. तीन दिवस तपासले. चारशेत एक खोट निघाली नाही. त्या रात्री काका जेवताना पोळीच्या कडा तपासत होते.

नवे शर्ट हँगरवर लागले. नर्सबाई आल्या, एक हातात घेतला, फिरवला, उलटा केला.

"यात काय आहे, काका?"

"काही नाही."

"काही नाही कसं? या किमतीत?"

"खरंच काही नाही, ताई. मी स्वतः पाहिलंय."

नर्सबाईंनी शर्ट खिडकीशी नेला, बगलेत बोट घालून पाहिलं आणि हळूच परत टांगला. "सांगायचं नसेल तर राहू द्या. पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

एकतीस वर्षांत काकांच्या शब्दावर पहिल्यांदाच कुणी अविश्वास दाखवला होता, आणि तोही शब्द शंभर टक्के खरा असताना. पुढच्या तीन आठवड्यांत जो आला तो शोधून दमला आणि रिकाम्या हाताने गेला. बाण नाही, म्हणजे खोट भलतीच मोठी असणार, अशी एकूण समजूत झाली. मोबाईलवाला आता टेप घेऊन बुधवारीही येऊ लागला.

एका दुपारी काका वामकुक्षी घेऊन दुकानात आले तर नव्या शर्टांवर बाण. कुठे खिशावर, कुठे पाठीवर. सूनबाई गल्ल्याशी बसल्या होत्या. "अकरा गेले, बाबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा अजून थोडं."

निर्दोष शर्ट नापास करणं हा चेकरच्या लेखी खूनच. ते तसेच चपला घालून दवाखान्यात गेले. अकरातले दोन नर्सबाईंनी नेले होते.

"ताई, माफ करा. तो बाण खोटा आहे. शर्टाला काही झालेलं नाही."

नर्सबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे चांगला आहे? आणि आम्हाला वाईट म्हणून विकला?" त्यांनी पिशवीतून दोन्ही शर्ट काढून काकांच्या हातात दिले. "हे बदलून द्या. खरी खोट असलेले द्या."

काकांनी बदलून दिले. एकाची बटणपट्टी सरकलेली होती, दुसऱ्याचा खिसा तिरका. नर्सबाईंनी दोन्ही ठिकाणी बोट फिरवून खात्री करून घेतली आणि समाधानाने गेल्या.

संध्याकाळी काकांनी बसून सगळे खोटे बाण सोलले. सूनबाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. "आता हे कुठे खपवायचे?" त्यांनी विचारलं. ते कोडं मुलाने सोडवलं. काचेचं दार असलेल्या एका दुकानाने सगळा ढीग उचलला आणि तिप्पट किमतीची चिठ्ठी लावून आठवड्यात संपवला. तिथलं गिऱ्हाईक शर्ट उलटा करत नाही.

इकडे हँगरवर पुन्हा खऱ्या बाणांचे शर्ट आले आणि गिऱ्हाईक परतलं. मुदत संपताना सूनबाईंनी मोबाईलवाल्याला दारातच सांगितलं, "खोली रिकामी नाही." कारण काही दिलं नाही; ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

आता काका दर सोमवारी गोदामात जातात. गोदामवाला गठ्ठा सोडतो, काका निवडतात. परवा त्यांनी सव्वीस शर्ट बाजूला काढले.

"यांना काय झालं?" गोदामवाल्याने विचारलं.

"यांच्यात खोट सापडत नाही."

"अहो काका, मग चांगलंच की!"

"तुमच्यासाठी चांगलं," काका म्हणाले आणि सत्ताविसावा उजेडात धरला. "माझ्या दुकानात असला माल चालत नाही."