पुण्याचा पत्ता

खोटं बोलायचं तर पत्त्यासकट बोलावं, म्हणजे कुणाला शंका येत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. म्हणून मी एका कागदावर वळणदार अक्षरात पुण्यातल्या एका रस्त्याचं नाव लिहिलं, त्यापुढं मनानंच एका इमारतीचं नाव जोडलं, 'तिसरा मजला, प्रशिक्षण केंद्र' असं लिहिलं आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचणीनं लावला. आबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "पाच दिस म्हंजे लई झालं की," एवढंच म्हणाले.

प्रत्यक्षात मी श्रीलंकेला निघाले होते. एकटीच.

मी एकोणचाळीस वर्षांची. कोडोलीत आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, राहते आणि रोज यष्टीनं कोल्हापूरला एका सरकारी कचेरीत कारकुनी करायला जाते. लग्न झालेलं नाही, आणि आता गल्लीनंही तो विषय सोडून दिलाय. आबांना खरं सांगितलं असतं तर ते नको म्हणाले नसते. नको म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं, आणि भांडायला मी कधी मागं सरत नाही. पण ते नुसते काळजी करत बसले असते. माझी आई दम्यानं गेली. त्या दिवशी तिचा तोंडानं ओढायचा औषधाचा पंप संपला होता. आबा नवा आणायला गाडीवरून गेले आणि ते परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचा दमा पुढं माझ्याकडं आला. तेव्हापासून मी साधी खोकले तरी आबा हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहतात. मला त्याचा राग येतो. आयुष्यात पाच दिवस तरी मी खोकलेलं कुणालाही ऐकू जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

तिकीट स्वस्तातलं, म्हणजे मुंबईहून अगदी पहाटेचं. खांद्याला एकच बॅग. राहायला कोलंबोतल्या एका लॉजमध्ये सहा बायकांच्या खोलीतला एक पलंग. फोनचं रोमिंग घेतलं नाही, तिथलं सिमही घेतलं नाही. लॉजवर वायफाय आहे, तेवढं पुरे, असा माझा हुशारीचा विचार होता.

लॉजच्या टेबलावरच्या माणसानं एक फॉर्म पुढं केला. नाव, पासपोर्ट, पत्ता सगळं भरलं. शेवटच्या ओळीत, काही झालं तर कुणाला कळवायचं, असं विचारलं होतं. आबांचा नंबर लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. इथून त्यांना फोन जाणं म्हणजे सगळंच फुटणं. मी ती ओळ रिकामी सोडली. त्या माणसानं तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यानं फॉर्म खणात टाकला. पलंग दुपारी दोन वाजता मिळेल आणि वायफायचा पासवर्डही तेव्हाच, असं तो म्हणाला. तेव्हा नऊ वाजत आले होते. बॅग तिथं ठेवून मी बाहेर पडले. आबांचा फोन साधा बटणांचा, म्हणून दोन वाजता शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲपवर फोन करून त्यांना बोलावून घेऊ, जेवणाच्या सुट्टीत केला असं सांगू, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

समुद्राला लागून रेल्वेचे रूळ होते. मी त्यांच्या कडेनं चालत राहिले. आभाळ भरलेलं, समुद्र राखाडी, आणि जिकडं बघावं तिकडं कावळे. भिंतीवर, तारांवर, बंद टपरीच्या पत्र्यावर. एकाकडून नारिंगी रंगाचं शहाळं घेऊन प्यायले. मी कुठं आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नाही, हे मनाशी म्हणून बघितलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हसू आलं. तासाभरानं पुन्हा म्हटलं तेव्हा आलं नाही. वारा खारट होता. मला खोकला आला आणि खोकून झाल्यावर मी सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. कुणी नसावं म्हणूनच तर मी एवढ्या लांब आले होते. तरी मी ठरवलेल्या वेळेच्या आधीच लॉजकडं वळले.

बरोबर दोनला पासवर्ड मिळाला. फोन जोडला तसा तो हातात थरथरायला लागला आणि थांबेचना. व्हॉट्सॲपवर शेजारच्या काकूंचे अकरा मिस्ड कॉल. मग त्यांचे बोललेले निरोप. काकूंना लिहायचा कंटाळा, त्या सगळं बोलूनच पाठवतात.

पहिला सकाळी साडेसहाचा. "अगं, आबा म्हनत्यात तुजा फोन बंद लागतोय. पोचलीस न्हवं?"

दुसरा सातचा. "तुजा पंप हितंच फळीवर ऱ्हायलाय म्हनं. आबा येरझाऱ्या घालाय लागल्यात. फोन कर बाई."

तिसरा साडेसातचा. "आबा गेलं. पंप घिऊन पुन्याला गेलं. कॅलेंडरचा कागद बी नेलाय. म्या लई सांगितलं, ऐकलंच न्हाय."

चौथा दीडचा. "आलं का तुज्याकडं? त्यास्नी फोन लागंना झालाय."

फळीवरचा तो पंप रिकामा होता. नवा माझ्या बॅगेत होता. संपलेला टाकून द्यायचा मी आळस केला होता, एवढंच. आणि तो रिकामा पंप खिशात घालून, चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे आबा, मी मनानं रचलेला पत्ता शोधायला निघाले होते. पुण्याला ते उभ्या आयुष्यात दोनदा गेलेले, तेही वऱ्हाडाच्या गाडीतून.

लॉजच्या खाली खानावळ होती. तिथं एक माणूस तापलेल्या तव्यावर दोन पात्यांनी रोट्या तोडत होता. तो खणखणाट जिन्यातून वर येत होता आणि मला काही सुचू देत नव्हता. आबा रस्ता ओलांडताना एक हात वर करतात. कोडोलीत त्या हातासाठी ट्रॅक्टर थांबतो. पुण्यात कोण थांबणार होतं?

मी खाली पळाले, शेजारच्या दुकानातून सिम घेतलं आणि आबांना फोन लावला. वाजला. जिवात जीव आला. मग कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तेच. मग मला आठवलं आणि मी तिथल्या पायरीवरच बसले. गेल्याच वर्षी, कचेरीतल्या एकीच्या वडिलांना कुणीतरी फोनवर फसवलं तेव्हा, मी आबांना समोर बसवून बजावलं होतं, बाहेरच्या देशाचा नंबर दिसला की कट करायचा. मी फार ओरडून सांगितलं होतं. "न्हाय उचलत, बाई," असं ते म्हणाले होते. आता ते माझं ऐकत होते. मी नऊ वेळा लावला, त्यांनी नऊ वेळा कट केला.

माझी छाती भरून आली होती. वर जाऊन बॅगेतला नवा पंप काढून ओढला, आणि ओढताना स्वतःची लाज वाटली.

शेवटी काकूंना व्हॉट्सॲपवरून फोन लावला. म्हटलं, तुमच्या सुनेच्या फोनवरून आबांना लावा आणि दोन्ही फोन समोरासमोर धरा.

"आँ? तू बी पुन्यातच हायस न्हवं?" काकू म्हणाल्या. "मग मी मदी कशाला?"

"काकू, धरा आधी."

दोन्ही फोनचे स्पीकर लावायचे आणि एकाच्या तोंडाला दुसऱ्याचा कान लावून ते कट्ट्यावर ठेवायचे, ही आमच्या गल्लीची जुनी युक्ती आहे. तोटा एकच. कट्ट्यावर जेवढ्या बायका बसल्या असतील तेवढ्या सगळ्यांना ऐकू जातं. मला त्यांची कुजबुज ऐकू येत होती, कुठंतरी म्हैस ओरडत होती. बराच वेळ नुसती खरखर. मग लांबून हॉर्नचे आवाज आणि त्यात आबा.

"आबा, मी बोलतेय."

"बोलाय येतंय न्हवं तुला? दम लागलाय का?"

"मला काही झालं नाही, आबा."

"हितं असली बिल्डिंगच न्हाय गं. धा जनांस्नी इचारलं. एक म्हनतोय फुडं जावा, एक म्हनतोय मागं जावा. त्यो पंप रिकामा हाय, यष्टीत हलवून बगितला म्या. स्टँडवर उतरल्या उतरल्या नवा घेतलाय. कुटल्या गेटावर येऊ, तेवढं सांग."

आम्हाला दुसरीकडं हलवलंय, तुम्ही घरी जा, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतकं तयार होतं की माझीच मला भीती वाटली. कारण मला कळत होतं, ते घरी जाणार नाहीत. दुसरा पत्ता मागतील.

"आबा, मी पुण्यात नाही," मी म्हटलं. "मी श्रीलंकेत आहे. एकटीच फिरायला आलेय. तुम्हाला खोटं सांगितलं मी. प्रशिक्षण वगैरे काही नाही."

कट्ट्यावरची कुजबुज थांबली. पुण्यातले हॉर्न तेवढे वाजत होते. आबा शिव्या देतील, रडतील, फोन ठेवतील, मी कशाचीही वाट बघत होते. काहीही चाललं असतं.

"तितं पंप मिळतोय न्हवं?" आबांनी विचारलं.

नवा पंप माझ्या मुठीत होता, आणि मला हो म्हणता येईना.

"ऐकाय येतंय का, बाळ?" ते पुण्यातून, कोडोलीतल्या त्या दोन फोनांमधून, जास्तच मोठ्यानं विचारत होते. "मिळतोय न्हवं तितं?"