आधी रक्त, मग मलिदा

साखरपुड्याच्या घरात पाऊल टाकलं तरी आत्या कधी अभिनंदन म्हणत नसे. मुलाकडे बघायची, मुलीकडे बघायची आणि विचारायची, "रक्त तपासलंत?" तेही भर हॉलमध्ये, मुलाच्या आईच्या देखत. लंडनच्या हाउन्सलोतल्या आमच्या लोकांत तिचं नाव 'रक्तवाली' पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं. "पडू दे," म्हणायची, "निदान रक्त हा शब्द तरी निघतो त्यांच्या तोंडून."

आम्ही बेने इस्राएल, कोकणातून आलेले मराठी ज्यू. आमच्यात शुभकार्य असो की नवस, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडे, सोबत फळं. आत्याच्या हातचा मलिदा सगळ्यांना हवा असे, तिची जीभ कुणालाच नको असे.

तिचा मुलगा दानिएल थॅलेसेमियाने, रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेला. आत्या आणि काका दोघेही वाहक होते. म्हणजे स्वतः ठणठणीत, पण दोघांकडून तोच दोष पोरात उतरला. लग्नाआधी त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. रक्त चढवायला ती त्याला बसने हॉस्पिटलला न्यायची आणि शेजारपाजारी सांगायची, अशक्तपणा आहे. का? तर नणंदेचं लग्न व्हायचं होतं! मला याची अजून चीड येते. पोर मरतंय आणि घराणं स्थळांची काळजी करतंय. "मीही तेच केलं," आत्या म्हणायची. "म्हणून आता ओरडते."

एकदा आमच्या सिनगॉगमध्ये वाहक-तपासणीचा दिवस होता. तरुणांनी नळीत थुंकायचं, बाकी सगळं लॅब बघणार. आत्याने चष्मा चढवून टेबलावरची आजारांची यादी वाचली.

"यात थॅलेसेमिया कुठाय?"

"आंटी, ही ज्यूइश लिस्ट आहे," टेबलामागचा मुलगा म्हणाला.

"मग मी कोण?"

त्याने कागद उलटून पाहिला. यादी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंसाठी केलेली. त्यांनी हे काम लाजत न बसता केलं, त्यांचं कौतुकच आहे. पण आमच्या रक्तात कोकणही आहे, हे कुणाच्या गावी नव्हतं. आणि आमचे लोक? 'क्लिअर' एवढा शब्द ऐकून खुशीत घरी गेले!

बर्मिंगहॅमला शिकताना मी आणि माझा होणारा नवरा रूबेनही अशाच नळीत थुंकलो होतो. क्लिअर. साखरपुड्याच्या सकाळी आत्या आमच्या किचनमध्ये आली, पोहे चाळले, परातीत घेतले, पाण्याचं भांडं उचललं.

"तुम्ही तपासलंय ना?"

"हो गं, कधीच."

"थुंकी का रक्त?"

"थुंकी."

तिने भांडं खाली ठेवलं. "मग नाही भिजवत."

"ताई, लोक यायला लागलेत!" बाबा ओरडले.

"त्यांना समोसे दे."

पोहे कोरडेच राहिले. रूबेनची आई हॉलमध्ये सांगत फिरली की पोहे खराब निघाले.

मग आम्ही तपासणीला रक्त दिलं. दोघेही वाहक. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायचा चारात एक धोका. रूबेनच्या आईचा फोन आला, "हे बाहेर नको हं जायला." बाबा आत्याला म्हणाले, "झालं समाधान? मोडलंस लग्न."

दुसऱ्या दिवशी आत्या न बोलावता आली. पिशवीत नारळ. मी आणि रूबेन सोफ्याच्या दोन टोकांना बसलो होतो. ती सरळ किचनमध्ये गेली आणि पोहे भिजवायला लागली.

"आत्या, आता कशाला?"

"तपासा म्हटलं होतं. मोडा कधी म्हटलं?" मग रूबेनकडे वळून, "माझ्या वेळी चॉइस नव्हता रे, तुम्हाला आहे. डॉक्टरांना विचारा, वाटलं तर मूल नकोही म्हणा. फक्त लपवू नका. ये, खोबरं खवून दे."

रूबेनने पहिल्याच फटक्यात बोट खरवडून घेतलं.

"हेही तपासायला पाठवू?" आत्या म्हणाली. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

आमचं लग्न झालं. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. जमलेला प्रत्येकजण तिच्या मलिद्याबद्दल बोलला, 'रक्त' कुणीच म्हणालं नाही. शेवटी मीच उठले आणि समोर बसलेल्या एका ठरलेल्या जोडप्याला विचारलं, "तुम्ही तपासलंत?" त्यांच्या आया अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता मला दिवस गेलेत. पोटातल्या बाळाची तपासणी झालीय, रिपोर्ट यायचाय. फोन वाजला की घरात बसवत नाही, पाटीवरचा नंबर न बघता बसमध्ये चढते. रूबेनची आई म्हणते, रिपोर्ट येईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी सगळ्यांना सांगितलंय. आता तुम्हालाही.

पोह्यांचं पाकीट ओट्यावर काढून ठेवलंय. रिपोर्ट काहीही येवो, भिजवायचे आहेत.