छातीतलं सुतक

सकाळी खोकता खोकता थुंकीच्या डबीत पिवळा, चिकट गोळा पडला आणि मी घाबरलो. न्यूमोनियानं सुरतेच्या दवाखान्यात पडून पाच दिवस झाले होते. घर लांब, जवळ कुणी नाही.

"सिस्टर, आतून सडलो का हो मी?"

नंदुरबारकडच्या त्या सिस्टरनं डबी उजेडात धरली. "अहो दादा, या तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. फुफ्फुसातले जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. त्यांचाच हा पू."

मी सातवीतून शाळा सोडलेला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तापाच्या ग्लानीत मी आईला हाका मारत होतो, तेव्हा छातीतल्या अंधारात या मुकाट मरत होत्या. त्यांना माझं नावही ठाऊक नसेल. डबीला झाकण लावायला हात होईना. आमच्याकडे भावकीतलं कुणी गेलं, तर दहा दिवस सुतक धरतात.

"यांचं सुतक धरायचं का हो?"

"धरा की! मग जन्मभर गोड खाऊ नका, रोज मरतात त्या," ती हसली. "आधी पेज प्या. हाडांत नव्या तयार व्हायला नकोत?"

नव्या. म्हणजे आत्ताही माझ्या हाडांत कुणीतरी जन्मत होतं, माझ्यासाठी मरायला. अंगावर काटा आला. तरी मी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.