दोर फेकण्याआधी

शेवगाव तालुक्याच्या टोकाला, नाथसागराच्या काठावर मातीचा एक धक्का आहे. तिथून पलीकडे जाणाऱ्या बोटीत माणसं बसतात, मोटारसायकली चढतात, घोडेगावच्या बाजारातून आणलेली एखादी शेळीही चढते. ह्या धक्क्यावर बोट चालवणारी बाई एकच, मनकर्णा. रोज सकाळी ती बॅटरीवरची फळी उचलते आणि हातातल्या मीटरची लाल वायर एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला दाबून आकडा बघते. मग कुणाला तरी सेल्फ मारायला लावते आणि मशीन फिरताना आकडा किती खाली येतो तेही बघते.

"नुसता आकडा खरा न्हाई," ती म्हणते. "बसलेला मानूस समदाच धडधाकट दिसतो. उठवून बघावं लागतं."

आपली बोट झाली की ती शेजारच्या बोटींकडे वळते. कुणी बोलावलेलं नसतं, कुणी नकोही म्हणत नाही. धक्क्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की मनकर्णा बॅटऱ्या तपासते ती परोपकारासाठी नव्हे. तिच्या मनात डूख होता, आणि तो एका माणसावर होता. श्रीमंतवर.

श्रीमंतचं शेवगाव रस्त्याला बॅटऱ्यांचं दुकान. काठावरची निम्मी गिऱ्हाइकं त्याचीच. मनकर्णाचा नवरा बजरंग त्याच्याकडूनच बोटीची नवी बॅटरी घेऊन आला होता. महिनाही झाला नसेल, तेवढ्यात एका दुपारी तो जाळी काढायला एकटाच आत खोल पाण्यात गेला. बोटीखालच्या पंख्यात जाळं गुंतलं म्हणून त्यानं मशीन बंद केलं, जाळं कापून काढलं, आणि सेल्फ मारला तर मशीन हललंसुद्धा नाही. त्यानं मनकर्णाला फोन केला.

"सेल्फ घेईना बघ. सहादेवला पाठव दोर घिऊन. वारं सुटलंय."

आवाज नेहमीचा. थोडा चिडलेला, पण घाबरलेला नव्हता. मनकर्णा पळत शेजारच्या बोटीवाल्या सहादेवकडे गेली. सहादेवनं बोट काढली. तोवर पश्चिमेच्या वाऱ्यानं बजरंगची जड बोट वल्ह्याला दाद न देता वाहवत नेली होती, जिथं पाण्याखाली जुन्या बाभळी उभ्या आहेत तिकडं. बोट बाभळीवर चढली आणि कलंडली. बजरंग दुसऱ्या दिवशी सापडला.

बोट ओढून काढली तेव्हा बॅटरी जागेवरच होती. केडगावला मनकर्णाचा मावसभाऊ कल्याण बॅटऱ्या दुरुस्त करायचा. त्यानं ती धुतली, वरचं चकचकीत स्टिकर नखानं सोललं. खाली दुसरं, विटलेलं स्टिकर निघालं आणि त्याच्याखाली घासून पुसलेली तारीख. बॅटरी उघडून त्यानं एकेक खाना मीटरनं तपासला.

"आक्का, दोन खाने कवाच मेल्यात," तो म्हणाला. "असली बॅटरी चार्ज करून दुकानात ठेवली की आकडा नव्यासारखा दाखवती. जोर लागला की बसती."

मनकर्णा ती बॅटरी घेऊन श्रीमंतच्या दुकानात गेली. त्यानं तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

"पान्यात बुडालेली बॅटरी हाय ती. आता त्यात काय राहनार? स्टिकर कुनी लावलं मला काय ठाव?"

इथवर ती कदाचित रडून, शिव्याशाप देऊन गप्प बसली असती. पण श्रीमंतला आपली बाजू मजबूत करायची घाई झाली होती. त्यानं चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायला सुरुवात केली, बजरंग त्या दिवशी पिऊन बोटीवर गेला होता. ज्या माणसाला दारूच्या वासानं मळमळायचं, त्याच्याबद्दल. गावानं ते लवकर मान्य केलं, कारण मेलेल्याचीच चूक निघाली की जिवंतांना आपापल्या बॅटऱ्यांची काळजी करावी लागत नाही. एके दिवशी तिची मुलगी संस्कृती शाळेतून आली आणि दप्तर न काढता चुलीपुढं बसली.

"आई, पप्पा पीत हुते का?"

मनकर्णानं तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली. "कोन म्हनलं?"

"समदीच म्हनत्यात."

त्या दिवशी तिनं ठरवलं. नवरा परत येणार नव्हता, पण ज्या तोंडानं हे पसरवलं त्याच तोंडानं ते गिळलं पाहिजे, आणि तेही माणसांत. कल्याणकडून तिनं मीटर आणलं, वापरायला शिकली. दुरुस्त झालेली बोट स्वतः चालवायला घेतली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुषांनी थोडे दिवस तिच्या बोटीत बसायचं टाळलं. मग सवय झाली.

आणि ती बॅटऱ्या तपासू लागली. चांगली असेल तर गप्प राहायची. वाईट असेल आणि दुकान श्रीमंतचं असेल, तर मीटर उंच धरून सगळ्यांना दाखवायची. "बघा, सेल्फ मारल्यावर आठावर आली. धाच्या खाली यायला नको. कुठून घेतली?" उत्तर तिला माहीत असायचं, तरी ती त्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायची. काठावरची गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. श्रीमंतच्या दुकानावरून जाताना ती मुद्दाम चाल मंद करायची. तो गल्ल्यावर माश्या मारत बसलेला दिसला की तिला त्या रात्री शांत झोप लागायची. हे तिनं कधी लपवलं नाही.

दुकान बसलं तसा श्रीमंतनं दुसरा धंदा काढला. हिवाळ्यात नाथसागरावर परदेशी पक्षी येतात, ते बघायला शहरातले लोक येतात. त्यानं एक जुनी बोट घेतली, तिला निळा रंग दिला, दुकानात पडून असलेलीच एक बॅटरी बसवली आणि चालवायला सहादेवला ठेवलं. पहिले पाहुणे पलीकडच्या काठावर उतरणार होते, त्यांना आणायला बोट न्यायची होती. सकाळी सहादेव मनकर्णाकडे आला.

"वैनी, आमची बी बघती का? मालक यायच्या आत."

तिनं मीटर लावलं. आकडा छान होता. सहादेवनं सेल्फ मारला आणि आकडा धाडकन खाली आला. मशीन कसंबसं कण्हत चालू झालं.

मनकर्णानं मीटर काढलं. "ठीक हाय" एवढं म्हटलं असतं तरी श्रीमंतचा नवा धंदा पहिल्याच दिवशी बुडाला असता. शब्द ओठावर आलाही. पण ह्या बोटीवर सहादेव जाणार होता, त्याची पोरं संस्कृतीबरोबर शाळेत जात होती.

"ही मधी दगा दील," ती म्हणाली. "तू जाऊ नको."

तेवढ्यात श्रीमंत आला. सहादेवनं त्याला सांगितलं. श्रीमंत धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हिला नवऱ्याची बाटली सोडवता आली न्हाई, आन आमच्या बॅटऱ्या तपासती."

सहादेव बोटीतून खाली उतरला. श्रीमंत रागानं एकटाच चढला आणि निघाला.

मनकर्णाची बोट तासाभरानं सुटली. बोटीत बाजाराची माणसं होती, धक्क्यावर ज्यांचा शब्द चालायचा ते म्हातारे आप्पासाहेबही होते. वारं सुटायला लागलं होतं. मधल्या पाण्यात निळी बोट आडवी होऊन हेलकावे खात होती. पाहुण्यांचा फोन आला म्हणून श्रीमंतनं मशीन बंद केलं होतं, आवाजात ऐकू येईना म्हणून. आता ते सुरू होत नव्हतं आणि बोट बाभळींकडे सरकत होती. श्रीमंतला पोहता येत नव्हतं. तो दोन्ही हात हलवत होता.

मनकर्णानं बोट जवळ नेली. दोर पोचेल एवढ्या अंतरावर आणून मशीन मंद ठेवलं. दोर हातात घेतला आणि फेकला नाही.

"काय झालं, भाऊ?"

"सेल्फ घेईना. दोर टाक."

"बजरंग बी असंच म्हनला हुता. त्याला बॅटरी कोनती दिली हुती?"

श्रीमंतनं बोटीतल्या माणसांकडे बघितलं. "चूक झाली, मनकर्णा. माफ कर."

"चूक न्हाई विचारली. काय केलं ते सांग."

आप्पासाहेब हळूच म्हणाले, "बाई, फेक आता. वारं वाढतंय."

"फेकते, आप्पा. नाक दाबल्याबिगर ह्याचं तोंड उघडत न्हाई."

निळी बोट लाटेवर उचलली गेली आणि आपटली. श्रीमंत गुडघ्यावर आला. "जुनी बॅटरी हुती," तो म्हणाला. "स्टिकर मीच लावलं."

"आन बजरंग?"

"बजरंग पीत नव्हता."

"मोठ्यानं. मागल्या मान्सांना ऐकू गेलं न्हाई."

"बजरंग पीत नव्हता! मी खोटं बोललो."

मग तिनं दोर फेकला. तो पहिल्यांदा पाण्यात पडला, दुसऱ्यांदा त्याच्या हाती लागला. काठाला येईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळच्या आत सगळ्या काठाला ते कळलं. काहीजण म्हणाले, बाईनं अति केलं, माणूस मेला असता तर. मनकर्णानं ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही, कारण दोर हातात असताना तिच्या मनात काय काय येऊन गेलं हे तिलाच ठाऊक होतं. पुढं श्रीमंतनं दुकानाला कुलूप लावलं आणि तिसगावला मेव्हण्याकडे राहायला गेला. जाण्याआधी तो एकदा तिच्या दारात येऊन उभा राहिला. मनकर्णानं त्याला पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही. तो उभा राहिला तसाच गेला.

संस्कृती दारातून बघत होती. "आई, आता झालं ना?"

"लोकांचं झालं," मनकर्णा म्हणाली. "माझं न्हाई." आणि ती कणीक मळायला बसली.