आईच्या फोनमधला फौजदार

आईला स्मार्टफोन मी घेऊन दिला, त्यामुळे त्या फोननं जे काही केलं त्याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतं. फोन आला तो आतल्या पहारेकऱ्यासकट. कंपनीनंच बसवलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर. काढून टाकता येत नाही, फार तर बंद करता येतं. रोज संध्याकाळी ते आईला शुद्ध मराठीत कळवायचं, ‘आपला फोन सुरक्षित आहे. आपण निश्चिंत राहा.’ आमच्या बावड्यातल्या घरात आईशी इतक्या अदबीनं कुणीच बोलत नाही. ती भलतीच खूश झाली. तिनं त्याचं नाव फौजदार ठेवलं आणि शेजारणींना सांगायला लागली, “आमचा फौजदार लई गुणाचा. चोराचा फोन वाजूच देत न्हाय.”

आता मावशीबद्दल सांगायला हवं. आईची ही धाकटी बहीण गडहिंग्लजला एकटीच राहते. रोज सकाळी चहाच्या वेळेला ती आईला एक रिंग देऊन कट करते. म्हणजे, मी बरी आहे. मग आई उलट एक रिंग देते. म्हणजे, मीपण. फोन उचलायचा नाही आणि आधी धाकटीनंच रिंग द्यायची, असे त्यांचे नियम. बोलायला पैसे पडायचे तेव्हाची ही सवय. आता बोलणं जवळजवळ फुकट झालंय, हे मी आईला एकदा समजावून बघितलं. “बोलाय काय झालंय रोज?” आई म्हणाली. “बरी हाय म्हणायला एक रिंग बास की.”

नवा फोन आला आणि थोड्याच दिवसांत मावशीची रिंग बंद पडली.

आईनं त्याचा अर्थ लगेच लावला. त्याच सुमारास जयसिंगपूरला एका जावळाच्या जेवणात आईनं चारचौघींत मावशीला म्हटलं होतं, की पांढरा रस्सा तू केलास म्हणूनच पाणचट झाला. “रुसली आसंल. रुसू दे.” मी म्हटलं, मी लावते फोन. “खबरदार! धाकट्यानं आधी, मग थोरल्यानं. मी न्हाय वाकायची.”

पण रोज सकाळी ती फोन समोर ठेवून बसायची. कपातल्या चहावर साय धरायची, मग तोच चहा गरम करून दोन घोटांत संपवायची आणि दिवसभर आम्हा सगळ्यांवर खेकसायची. रागावलेलं माणूस असं वाट बघत बसत नाही. ती घाबरली होती. एकट्या राहणाऱ्या बहिणीचं काही बरंवाईट झालं असेल, हे तिच्या मनात होतं आणि माझ्याही. पण ते तोंडावर आणायची छाती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

एका रविवारी मीही तिच्यासोबत चहाला बसले. फोनचा आवाज आला नाही, नुसता पडदा उजळला. वर एक छोटी ढाल आणि खाली, ‘संशयास्पद कॉल रोखला.’ सकाळी आईच्या डोळ्यांवर चष्मा नसतो; असा उजळलेला पडदा ती फौजदाराचा नेहमीचा निरोप समजून सोडून द्यायची. मी नंबर वाचून दाखवला आणि तिच्या हातातली बशी कलली.

“अगं, ही तर तीच!”

म्हणजे रिंगा येतच होत्या. “तू मावशीचा नंबर सेव्ह केला नाहीस?”

“सख्ख्या बहिणीचा नंबर सेव्ह कराय ती काय गॅसवाली हाय? पाठ हाय मला.”

तिला पाठ होता, फौजदाराला नव्हता. अनोळखी नंबरवरून रोज एकच रिंग देऊन कट करायचं, ही भामट्यांची जुनी युक्ती. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. मी म्हटलं, नंबर सेव्ह करू, प्रश्न मिटला. पण फौजदारावरचं आईचं प्रेम आटलं होतं. “आदी ह्याला सस्पेंड कर. माझ्या बहिणीला भामटी म्हणतोय!”

मी सेटिंगमध्ये शिरले. फौजदार गयावया करायला लागला. ‘आपला फोन धोक्यात येऊ शकतो. आपणास खात्री आहे?’ आई म्हणाली, “हाय.” ‘कृपया पुन्हा विचार करा.’ पुढचं बटण काही सेकंद दाबताच येईना.

“किती इचारतंय हे! माझं लगीन ठरवतानाबी कुणी मला एवढं इचारलं न्हवतं.”

शेवटी एकदाचा तो बंद झाला. मी आईला म्हटलं, आता उद्या सकाळी येईल बघ रिंग. आईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि पाठ असलेला नंबर स्वतःच दाबला. एक रिंग देऊन कट करायचा तिचा बेत असणार. पण पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला.

“उचलला की गं तिनं!” आई घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली.

“अक्का? तूच हायस न्हवं? बोल की गं!” मावशीचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. ती रडत होती. गडहिंग्लजहून रोज दिलेल्या रिंगेला इकडून कुणी उत्तर देत नव्हतं, हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आईनं लगेच थोरलेपणाचा सूर लावला. “एवढा घोर हुता, तर पुरा फोन का केला न्हाईस?”

“पुरा केला आसता, आन दुसऱ्याच कुणी उचलला आसता, तर काय ऐकाय लागलं आसतं मला?”

फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून आई नुसती म्हणत राहिली, “हाय की गं मी. हाय.”