ट्रंकेतला फोन आणि अक्कांची हळद

प्रिय इरा आणि नील,

तुमची आजी शिस्तीची आहे, ही बातमी खोटी आहे. ती मीच पसरवली.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे गेल्या रविवारी तुमच्या आईने तुम्हाला माझं उदाहरण दिलं. "बघा, आजी रोज सात ते साडेआठ फोन ट्रंकेत कुलूप लावून ठेवते. या वयात केवढा ताबा!" नीलला वाढदिवसाला फोन मिळणार आहे आणि त्याच्या अटींची यादी माझ्या नावाने तयार होते आहे म्हणे. तुम्ही दोघांनी पडद्यावर माना डोलावल्या. मीही डोलावली. फोन ठेवल्यावर मला चहा गोड लागेना. तेव्हा खरं काय घडलं ते लिहिते. ते वाचून मग यादीत काय घालायचं ते घाला.

सुरुवात नुसत्या कुतूहलातून झाली. चौतीस वर्षं मी आष्ट्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या काळात बाकाखालून गोट्या, भोवरे, चिंचा आणि एकदा एक जिवंत कासव जप्त केलं. मुलांचं लक्ष कुठे जातं हे मला पाठमोरी असतानाही कळायचं. पण आपलं कुठे जातं? मी एक वही केली. हात फोनकडे गेला की कशासाठी गेला ते लिहायचं आणि पुढे काय झालं तेही लिहायचं.

पहिल्या दिवसाच्या नोंदी अजून आहेत. "सकाळी नऊ. किती वाजले ते बघायला. पाहिलं: एक गृहस्थ मळका गालिचा धुतात. गालिचा स्वच्छ झाला. वेळ बघायची राहिली." त्याखाली: "दुपारी बारा. मेथीच्या पराठ्याचं प्रमाण. पाहिलं: हत्तीच्या पिल्लाची अंघोळ. जेवायला भात."

तुमच्या आजोबांनी वही वाचली आणि चष्मा काढला. (ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले असले तरी चौकशी अजून चालू असते.)

"मास्तरीणबाई, मामला गंभीर आहे. माझी पलटणीतली ट्रंक हाजिर आहे. संध्याकाळी सातला दोघांचे फोन आत, साडेआठला बाहेर."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडे."

"तुम्ही मला पाच मिनिटांत द्याल."

"दोन," आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

म्हणून किल्ली गेली हौसाक्कांकडे. अक्का म्हणजे आपल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. पाय न धुता आत आला म्हणून त्यांनी स्वतःच्या जावयाला उंबऱ्यावरून परत फिरवलं होतं. त्यांनी किल्ली पानाच्या चंचीत टाकली आणि विचारलं, "आन् तुमी मदीच मागितली तर?"

"द्यायची नाही. मी खोटी कारणं सांगेन. रडेन. पाया पडेन. तरी द्यायची नाही."

"न्हाई देत," अक्का म्हणाल्या. त्यांना हे काम पहिल्यापासूनच आवडलेलं दिसलं.

आता लाजेची गोष्ट. सोमवारी सव्वासातला मी त्यांच्या दारात होते. गॅसची टाकी नोंदवायची आहे म्हणाले. अक्का नवीन होत्या, त्यांनी किल्ली दिली. (टाकी आदल्याच दिवशी आली होती.) मंगळवारी मी साताऱ्याच्या मावशीला बरं नाही असं सांगितलं.

"त्या गेल्या साली वारल्या न्हवं?" अक्का म्हणाल्या. "मी दुखवट्याला आलेली की तुमच्याकडं."

बुधवारी मी डोकं चालवलं. नदीवरची मोटर चालू राहिली आहे, पाणी तुमच्या खळ्याकडे निघालं आहे, असं सांगितलं.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपली पाण्याची मोटर नदीवर आहे, घरापासून तीन किलोमीटरवर. तिला सिमकार्ड बसवलं आहे. तिला फोन केला, एक दाबला, की ती चालू होते. दोन दाबला की बंद. ती फक्त आजोबांचा आणि माझा नंबर ओळखते, बाकी कोणाचं ऐकत नाही. पाणी घरामागच्या उसात पडतं. उसाच्या खालच्या अंगाला अक्कांचं खळं. तिथे त्यांची शिजवलेली हळद वाळत होती, सगळ्या वर्षाचं पीक. शिजवलेल्या हळदीला पाणी लागलं की रंग जातो, आणि रंग गेलेली हळद बाजारात कोणी हातात धरत नाही.

अक्का बुधवारी तशाच उठून उसापर्यंत गेल्या. सरी कोरडी ठणठणीत होती. परत आल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

शुक्रवारी पावणेसातला शेतीची लाईट आली. आजोबांनी घरातूनच मोटर चालू केली. अर्ध्या तासाने बंद करायची असं त्यांनी मनात ठरवलं. सातला मी ट्रंक उघडून उभी राहिले. त्यांनी सवयीने फोन आत टाकला, मी कुलूप लावलं, किल्ली अक्कांकडे पोचवली. आम्ही ओट्यावर बसून ऊस यंदा किती निघेल यावर छान बोललो. फोन नसला की माणसं किती छान बोलतात, हेही मी त्यांना म्हणाले.

साडेसातला आजोबा उभे राहिले.

"मोटर," ते म्हणाले.

ते खोरं घेऊन उसाकडे धावले. (नव्या गुडघ्याने जेवढं धावता येतं तेवढं.) मी अक्कांकडे धावले.

"अक्का, किल्ली द्या. मोटर चालू राहिली आहे."

"व्हय, परवाबी हुती."

"आज खरंच आहे. पाणी तुमच्या हळदीत जातंय."

"परवाबी जात हुतं. मी जाऊन बघून आली, पाय कोरडं."

"मग परत बघा ना."

"आवं बाई, तव्यावर भाकरी हाय. तुमच्या फोनपायी मी रोज उसात जाऊ व्हय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते अगदी खरं होतं.

अक्कांनी भाकरी उलटली. "रडणार, हे बी तुमीच सांगितलं हुतं."

मागून आजोबांचा आवाज येत होता, "अरे रोको, रोको." ते पाण्याला हुकूम देत होते. पाणी पलटणीतलं नव्हतं. मी वाकले आणि अक्कांचे पाय धरले.

"हां, ह्यो तिसरा," अक्का म्हणाल्या. "आता झालं समदं. साडेआठला या."

वर्गात उशिरा आलेल्या मुलांची कारणं मी अशीच ऐकायची, हे मला त्या क्षणी आठवलं. त्यांतली निम्मी तरी खरी असतील, असाही विचार आला. पण तेवढ्यात मागच्या दारातून अक्कांची मांजर आत आली. पोटापर्यंत भिजलेली. ती फरशीवरून चुलीकडे शांतपणे चालत गेली आणि तिच्यामागे चार पावलांची पिवळी धमक रांग उमटली.

अक्कांनी ती रांग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आगं आई गं," म्हणाल्या, आणि मागच्या दाराने पळाल्या. चंचीसकट. किल्लीसकट.

मी मागे. खळ्यात घोटाभर पाणी होतं. आजोबा बांध घालत होते आणि पाणी बांधाला वळसा घालत होतं. अक्का ताडपत्री फेकून कोरडी हळद पाट्या भरभरून वर नेत होत्या. मी त्यांच्याभोवती फिरत "किल्ली, किल्ली" करत होते. शेवटी त्यांनी चंचीच माझ्या अंगावर फेकली. चुना, सुपारी, कात, आणि सगळ्यात खाली किल्ली. मी घरी आले, ट्रंक उघडली, फोन हातात घेतला.

पुढचं आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

फोनवर तुमचा फोटो आला होता. नीलने बर्फाचा माणूस केला होता, त्याला माझ्यासारखा चष्मा लावला होता, आणि खाली इराने लिहिलं होतं, "ही आजी." मी तो मोठा करून पाहिला. चष्मा कशाचा केला असेल? तारेचा? इराच्या हातात मोजे का नाहीत? मग मी लिहायला घेतलं, "मोजे घाल." किती वेळ गेला सांगता येत नाही. वहीत नोंद नाही.

"आवं बाई," खळ्यातून अक्कांचा आवाज आला, "कुलूप निघंना व्हय?"

मी मोटरला फोन लावला, दोन दाबला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपली मोटर बंद झाली आहे. धन्यवाद."

आजोबा चिखलाने भरून आले. "इतका वेळ लागला?"

"रेंज नव्हती," मी म्हणाले.

लोखंडी ट्रंकेत राहून फोनची रेंज मरते, हे शास्त्र आजोबा तेव्हापासून गावभर सांगत आहेत. दोघा-तिघांनी आपले फोन लोखंडी कपाटातून लाकडी कपाटात हलवले.

अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. आम्ही दोघं आठ दिवस त्यांच्या खळ्यात उन्हात बसून भिजलेली हळद हाताने उलटत होतो. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. हळद उलटता उलटता म्हणाल्या, "ते बुधवारचं खोटं बोलला नसता, तर शुक्रवारी आली असती मी."

"माहीत आहे," मी म्हणाले. फोटोचं सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही. आता हे पत्र त्यांना वाचून दाखवणार आहे, तुम्हाला पाठवण्याआधी.

तर वाचलं ते असं. वरची हळद वाचली. खालच्या दोन पोत्यांचा रंग गेला, ती अक्कांनी घरी ठेवली आणि त्यातली डबाभर मी आणली. आमटी फिकी दिसते, चवीला चांगली लागते. अक्कांचं आणि माझं बोलणं वाचलं. सात ते साडेआठ हा वेळही वाचला, रोज पाळतो. आणि माझी सवयही वाचली. त्या सगळ्या पाण्यात तिला एक थेंबसुद्धा लागला नाही.

तुमची,
आजी