चाँदपाशाच्या चालत्या गुंड्या

येरमाळ्याचा चाँदपाशा दर्जी इतका गरीब स्वभावाचा, की सुई टोचली तर तिचीच माफी मागेल. गावाचे सदरे त्यानं शिवले. पण स्वतःच्या निकाहाची शेरवानी शिवायची वेळ आली आणि बिचाऱ्याला घाम फुटला. कारण होणारा सासरा! तेरखेड्याच्या गफारमियाँनी निक्षून बजावलं होतं, "शेरवानीला चमकत्या गुंड्या पायजेत. न्हायतर माझी हसीनाबी देणार न्हाय." तिकडं विलायतेत महायुद्ध पेटलेलं, बाहेरचा माल बंद; निजामाच्या मुलखात दुकानं पालथी घातली तरी साधी गुंडी मिळेना.

भर उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात त्याला हरभऱ्याएवढे शंख सापडले. चकचकीत, टणक, तोंडाची झाकणं घट्ट मिटलेली. गोगलगायी मेल्या आणि घरं तेवढी मागं राहिली, असं तो भला माणूस धरून चालला. शेरवानीला त्यानं आतून बांधायला बंद लावले आणि वरून शोभेला बाभळीच्या डिंकानं शंख चिकटवले. काय झकास दिसत होती! मांडवात गफारमियाँ जो येईल त्याला जावयाची छाती दाखवत होते.

हौसेच्या भरात त्यांनीच गुलाबदाणी उचलली आणि नवऱ्या मुलाला गुलाबपाण्यानं पार भिजवून टाकलं. निजलेल्या गोगलगायींना वाटलं, आलं पाणी! काझीसाहेबांचा निकाहाआधीचा खुतबा वाचून होईस्तोवर डिंक विरघळला, झाकणं उघडली आणि वरची गुंडी सावकाश गळ्याकडं निघाली. बाकीच्यांनी तिच्यामागं कूच केलं.

"या अल्ला!" काझीसाहेब मागं सरकले.

गफारमियाँ लालबुंद झाले. "जित्ती जनावरं घालून आलाय! झटक ती! आन् चालता हो, निकाह मोडला!"

चाँदपाशाचा चेहरा रडवेला झाला, पण हात काही उचलेना. "पडतील की वो," तो पुटपुटला, "लई नाजूक हायती."

पडद्याआड हसीनाबीची हसून हसून मुरकुंडी वळली होती. ती आतूनच बोलली, "अब्बा, निकाह मोडू नका. जो गोगलगाय झटकत न्हाय, तो मला काय झटकणार? आधी त्यास्नी आडात सोडून या, मग मला इचारा. मी कबूल म्हणते."

तेरखेड्याला धाकात ठेवणारे गफारमियाँ जावयाच्या गुंड्या ओंजळीत घेऊन मुकाट आडाकडं गेले. कुणी फिदीफिदी हसलं तरी कानाखाली वाजवायला हात मोकळा नव्हता.

पुढं चाँदपाशाचं दुकान बरं चाललं. पण नवी गुंडी आली, की हसीनाबी ती आधी वाटीभर पाण्यात टाकायची आणि नवऱ्याला शेजारी बसवून बघत राहायची.

"चालली तर सोयरी," ती म्हणायची. "न्हाय चालली तर शिवा."